सुटे पार्सर चालतात, जोडले की अडतात : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पार्सर कॉम्बिनेटरची ओळख करून घेतली होती, म्हणजे मजकुराचा एकेक तुकडा ओळखणारी छोटी छोटी फंक्शनं लिहायची आणि ती एकमेकांत गुंफून मोठा पार्सर उभा करायचा, हास्केल भाषेत. त्यावर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच जातीचे निघाले, की सुटा तुकडा मस्त चालतो पण दुसऱ्याला जोडला की काहीतरी बिनसतं. म्हणून यावेळी फक्त जोडकामाचेच प्रश्न घेतलेत. कोडमधली नावं मुद्दाम मराठीत लिहिली आहेत, चिन्हं तेवढी हास्केलची ठेवलीत. `<|>` म्हणजे 'हे नाहीतर ते', एवढं लक्षात असलं की पुरे.

प्रश्न : ताई, मी पुण्यात पेरोलचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. पगाराचे नियम लिहायला आम्ही एक छोटी भाषा बनवतोय, त्यात "जर हजेरी > २० तर मूळ * २ नाहीतर मूळ" असलं लिहिता येईल. मी अंकगणित, तुलना आणि जर-तर असे तीन पार्सर तीन मॉड्यूलमधे लिहिले, तिन्ही सुटे टेस्ट केले, छान चालतात. पण आता अंकगणिताच्या कंसात जर-तर यायला हवं आणि जर-तरच्या आत परत अंकगणित, त्यामुळे प्रत्येक मॉड्यूलला दुसरं इम्पोर्ट करावं लागतंय आणि कंपायलर सायकल आहे म्हणून ओरडतो. सगळं एकाच फाइलमधे टाकून मोकळा होऊ का?

उत्तर : नका टाकू. जीएचसी या हास्केलच्या कंपायलरमधे एचएस-बूट फाइल लिहून अशी सायकल चालवून घेता येते हेही तुम्हाला कुणीतरी सांगेल, त्याही वाटेला जाऊ नका, कारण त्याने कंपायलर गप्प बसतो पण तिन्ही मॉड्यूल एकमेकांच्या गळ्यात कायमची पडतात आणि उद्या चौथं आलं की परत तिन्हीत हात घालावा लागतो.

मुळात अंकगणिताच्या मॉड्यूलला कंसाच्या आत नक्की काय येणार हे कळायची गरजच नाहीये. त्याला एवढंच हवंय की कंस उघडल्यावर आतली अख्खी पदावली कुणीतरी वाचून देईल. तो 'कुणीतरी' बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या, पार्सर ही शेवटी साधी व्हॅल्यू आहे, फंक्शनला देता येते. नीट बघितलं तर प्रत्येक मॉड्यूलला अशा दोनच प्रकारच्या जागा मोकळ्या सोडायच्या असतात, एक 'पूर्ण' म्हणजे अख्खी भाषा आणि दुसरी 'खालचा' म्हणजे आपल्यापेक्षा घट्ट बांधणारी पायरी.

घटक पूर्ण = संख्या <|> नाव <|> कंसात पूर्ण
अंकगणित खालचा = चेनएल (चेनएल खालचा गुणाकार) बेरीज
तुलना खालचा = खालचा, आणि पुढे हवं तर एक तुलनाचिन्ह आणि परत खालचा
जरतर पूर्ण = जर पूर्ण तर पूर्ण नाहीतर पूर्ण

(चेनएल म्हणजे चिन्हांनी जोडलेली पदं वाचून डावीकडून जोडत जाणारं फंक्शन. शेवटच्या दोन ओळी खरं कोड नाहीत, डू-ब्लॉक लिहायचा कंटाळा केलाय, पण आकार समजेल.) चारही तुकड्यांत एकही इम्पोर्ट एकमेकांचा नाही. मग सगळ्यात वर, मेनच्या शेजारी एक छोटं मॉड्यूल करायचं, ते सगळ्यांना इम्पोर्ट करेल, त्याला कुणीच नाही, आणि तिथे ही एकच ओळ :

पदावली = जरतर पदावली <|> तुलना (अंकगणित (घटक पदावली))

पदावलीची व्याख्या पदावलीच्याच मदतीने केली तरी चालतं कारण हास्केल आळशी आहे, गरज पडेपर्यंत आतलं उलगडतच नाही. हेच ओकॅमल किंवा एफ-शार्पमधे करणार असाल तर ती भाषा व्याख्या वाचतानाच सगळं उलगडायला जाते, म्हणून तिथे वेगळी सोय लागते, ओकॅमलच्या अँगस्ट्रॉम लायब्ररीत 'फिक्स' आहे आणि एफ-शार्पच्या एफपार्सेकमधे 'क्रिएट-पार्सर-फॉरवर्डेड-टू-रेफ' अशा लांबलचक नावाचं फंक्शन आहे जे आधी रिकामा रेफरन्स देतं आणि तुम्ही नंतर तो भरता. काम तेच.

आता यात एक निर्णय लपलेला आहे तो बघा. जरतर सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवल्यामुळे "१ + जर..." असं कंसाशिवाय लिहिता येणार नाही, कंस घालावाच लागेल. मला तेच बरं वाटतं, नाहीतर 'नाहीतर'नंतर आलेली बेरीज कुणाची यावर तुमचा अकाउंट्सवाला आणि तुम्ही भांडत बसाल. पण हवं असेल तर त्याच ओळीत जरतर घटकाच्या शेजारी टाका, ती एक ओळ बदलते, मॉड्यूलला हातही लागत नाही, आणि हा निर्णय त्या वरच्या ओळीत दिसतो हेच मला यात आवडतं.

पायऱ्यांबद्दल थोडं अजून. शाळेत कंचेभागुबेव पाठ केलं होतं ना, इथे प्रत्येक चेनएल म्हणजे त्यातली एकेक पायरी आहे. चिन्हं दोन-चार असतील तोवर असं एकात एक गुंडाळणं ठीक आहे, पण तुमच्याकडे टक्के, 'आणि', 'किंवा', 'नाही' असं वाढत जाणार, पगाराच्या नियमांत वाढतंच, तेव्हा मॉड्यूलने अख्खा पार्सर एक्सपोर्ट करण्यापेक्षा फक्त आपली चिन्हं आणि त्यांची पायरी एक्सपोर्ट करावी आणि वरच्या मॉड्यूलने सगळ्यांच्या याद्या पायरीनुसार एकत्र करून एकच टेबल बनवावं. पार्सेक या हास्केलच्या पार्सर लायब्ररीत बिल्ड-एक्स्प्रेशन-पार्सर आणि तिच्याच घराण्यातल्या मेगापार्सेकबरोबर वापरतात ते मेक-एक्स्प्र-पार्सर हे असलंच टेबल घेतात, सगळ्यात घट्ट बांधणारी पायरी पहिली. तिथे "१ < २ < ३" चालू द्यायचं नसेल तर चिन्ह ना डावं ना उजवं असं सांगायची सोय आहे. एक खोड माहीत असू द्या, दोन्हींत एकाच पायरीवरची पदाच्या आधी येणारी चिन्हं लागोपाठ दोनदा चालत नाहीत, "- -५" लिहिलं की एरर येते आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधतो.

राहिला झाडाचा, म्हणजे पार्स होऊन जे बाहेर येतं त्याच्या टाइपचा प्रश्न. पार्सर सुटे केले तरी तिघांनाही एकच 'पदावली' नावाचा डेटाटाइप लागला तर परत सगळे तिथे बांधले जातात. हास्केल घडवणाऱ्यांपैकी एक, फिलिप वॉडलर यांनी १९९८ मधे याला एक्स्प्रेशन प्रॉब्लेम असं नाव दिलं आणि त्यावर हास्केलवाल्यांनी भरपूर डोकं लढवलंय, वाउटर स्विअरस्ट्रा यांचा २००८ चा पेपर टाइपचे तुकडे बेरजेसारखे जोडतो, आणि २००९ चा कॅरेट, किसेल्योव आणि शान यांचा टॅगलेस मार्ग डेटाटाइपच टाळून प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा टाइपक्लास देतो, बेरजेचा वेगळा, जर-तरचा वेगळा. पार्सर मग 'ज्या टाइपला बेरीज जमते तो कुठलाही' असं काहीतरी परत करतो. दुसरा मार्ग मला पार्सरबरोबर जास्त सोपा वाटतो. पण खरं सांगू का, तुमची टीम तीन-चार जणांची असेल आणि भाषा तुमच्याच हातात असेल तर एक साधं मॉड्यूल करा ज्यात फक्त डेटाटाइप आहे, तिघांनी ते इम्पोर्ट करा आणि कामाला लागा. बाहेरच्या लोकांनी तुमच्या भाषेत भर घालायची असेल तेव्हा टाइपक्लासच्या भानगडीत पडायचं.

प्रश्न : मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकातलं व्याकरण "पदावली म्हणजे पदावली + पद, किंवा नुसतं पद" असं होतं, ते जसंच्या तसं हास्केलमधे उतरवलं तर प्रोग्राम अडकूनच बसतो. व्याकरण चुकीचं आहे का?

उत्तर : व्याकरण बरोबर आहे रे, फक्त ते याक प्रकारच्या, व्याकरणावरून पार्सर तयार करून देणाऱ्या टूलसाठी लिहिलेलं आहे, तो पार्सर खालून वर बांधत जातो. तुझा पार्सर वरून खाली येतो, म्हणजे पदावली वाचायची तर पहिलं काम काय, पदावली वाच, त्याचं पहिलं काम परत तेच, आणि मधे एकही अक्षर खाल्लं जात नाही, मग थांबणार कधी. यालाच लेफ्ट रिकर्शन म्हणतात, तुझ्या सिलॅबसमधे असेलच.

यावर चेनएल वापर. ते आधी एक पद वाचतं, मग चिन्ह-पद, चिन्ह-पद असं मिळतील तेवढे वाचत जातं आणि डावीकडून जोडत जातं. डावीकडून का, तर १० - ४ - ३ चं उत्तर ३ यायला हवं, उजवीकडून जोडलंस तर ९ येईल. पुष्कळ जण लेफ्ट रिकर्शन काढायच्या नादात व्याकरण उलटं करतात आणि वजाबाकी बिघडवून ठेवतात, बेरजेच्या टेस्ट पास होतात म्हणून महिनाभर कळतही नाही.

व्याकरण बदलायचंच नसेल तर मार्ग आहेत, फ्रॉस्ट, हफीज आणि कॅलहन यांनी २००८ मधे लेफ्ट रिकर्शन झेपणारे कॉम्बिनेटर दाखवले, त्याच वर्षी वॉर्थ आणि सहकाऱ्यांनी पॅकरॅट, म्हणजे एकदा वाचलेलं लक्षात ठेवणाऱ्या पार्सरमधे ते बसवलं. प्रोजेक्टला वेळ असेल तर वाच. परीक्षेसाठी चेनएल पुरे.

आणि वरच्या पुणेकरांच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे तो बघून ठेव. एका फाइलमधे लेफ्ट रिकर्शन दिसतं, मॉड्यूल वेगळी असली की दिसत नाही. समजा एका मॉड्यूलने लिहिलं 'असलं तर उणेचं चिन्ह, मग पूर्ण'. दिसायला निरुपद्रवी. पण चिन्ह नसेल तेव्हा काहीच न खाता 'पूर्ण'ला हाक मारली जाते, आणि 'पूर्ण' फिरून परत याच मॉड्यूलकडे येतं. म्हणून बाहेरून आलेल्या 'पूर्ण'ला हाक मारण्याआधी निदान एक टोकन (म्हणजे एखादा शब्द, संख्या किंवा चिन्ह) तरी खाल्लेलंच असलं पाहिजे, हा नियम प्रत्येक मॉड्यूलच्या डोक्यावर कॉमेंटमधे लिहून ठेवायचा. टाइप चेकर हे पकडत नाही.

प्रश्न : बंगळुरूहून लिहितोय. आमच्या पार्सरमधे `<` आधीपासून होतं, मी नवीन मॉड्यूलमधे `<=` लिहिलं आणि `<|>` लावून शेवटी जोडलं. कंपाइल होतं, पण `<=` कधीच ओळखलं जात नाही, उलट "संख्या अपेक्षित होती" अशी एरर `=` वर येते. मग कुणीतरी म्हणालं सगळीकडे ट्राय लाव, ते लावलं तरी तेच. कॉम्बिनेटर कसेही जोडता येतात असं ऐकलं होतं, मग हे काय?

उत्तर : कसेही जोडता येतात हे टाइपच्या बाबतीत खरं आहे. दोन पार्सर एकाच टाइपचे असले की `<|>` लागतो, कंपायलर खूश. पण जोडलेल्या पार्सरचा अर्थ दोघांच्या अर्थांची बेरीज असेल अशी हमी कुणी दिलेली नाही, आणि हे लोक सांगत नाहीत याचा मला नेहमी राग येतो.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकात एक मिसळल्या जातात. पहिली, `<` ने `<=` मधलं पहिलं अक्षर खाल्लं आणि तो यशस्वी झाला. पंगतीत पहिला बसणाऱ्यानेच ताट उचललं तर दुसऱ्यापर्यंत वाढपी येतच नाही, तसं `<|>` मधे पहिला पास झाला की दुसऱ्याला विचारलंच जात नाही. ट्रायचा इथे काडीचा उपयोग नाही कारण ट्राय हा नापास झालेल्याला मागे आणतो, इथे कुणी नापास झालेलंच नाही. उपाय म्हणजे जास्त अक्षरांचं चिन्ह आधी, किंवा `<` च्या पार्सरमधेच 'पुढे = नसेल तरच' ही अट, नॉट-फॉलोड-बाय ने. (यात मात्र एक अक्षर खाऊन नापास होणं आलं, म्हणून त्या चिन्हाभोवती ट्राय ठेवा.) मी दुसरं सुचवीन, कारण त्याने मॉड्यूल कुठल्या क्रमाने जोडले यावर अवलंबून राहावं लागत नाही. पण हो, त्यासाठी जुन्या मॉड्यूलला हात लावावा लागतो, म्हणजे नवीन माणसाने जुन्या माणसाचं कोड बदलायचं, आणि कॉम्बिनेटर इतके सुटसुटीत असूनही हे टळत नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला अजून भेटली नसेल तर भेटेल. 'जर' आणि 'जमा' असे दोन कीवर्ड `<|>` ने जोडले. पार्सेकमधे मजकुरात "जमा" आलं तर पहिला पार्सर 'ज' खातो, 'र' मिळत नाही म्हणून नापास होतो, पण एक अक्षर खाल्लेलं असल्यामुळे पार्सेक दुसरा पर्याय बघतच नाही, थेट एरर देतो. इथे ट्राय लागतो. मेगापार्सेकमधे अख्खी स्ट्रिंग ओळखणारे पार्सर आपणहून मागे येतात म्हणून हा त्रास कमी, आणि अॅटोपार्सेक तर नेहमीच मागे येतो, पण त्याचे एरर मेसेज माणसाला दाखवण्यासारखे नसतात.

असं का केलं असेल लायब्ररीवाल्यांनी? सुरुवातीला तसं नव्हतं. वॉडलर यांचा १९८५ चा पेपर आहे, त्यात पार्सर एकच उत्तर न देता जेवढी उत्तरं शक्य तेवढ्यांची यादी देतो, रिकामी यादी म्हणजे नापास. त्या जगात `<|>` म्हणजे दोन याद्या एकापुढे एक ठेवणं, बास. तिथे `<` आणि `<=` कुठल्याही क्रमाने जोडा, दोन्ही शक्यता जिवंत राहतात आणि पुढे जी जुळेल ती टिकते. जोडकामाच्या दृष्टीने हेच सगळ्यात शुद्ध. पण मागे यायची शक्यता कायम राहते म्हणून सगळा इनपुट मेमरीत धरून ठेवावा लागतो आणि वाईट व्याकरणावर वेळ घातांकाने वाढतो. २००१ मधे डान लायेन यांनी पार्सेक आणला तेव्हा मुद्दाम उलट धोरण घेतलं, एक टोकन बघून ठरवायचं, खाल्लं की बांधील, मागे यायचं असेल तर तसं ट्राय लिहून सांगायचं. त्यामुळे वेग आला, एरर मेसेज नेमके झाले, आणि क्रमाला महत्त्व आलं.

याकमधे दोन व्याकरणं एकत्र केली आणि ती एकमेकांत अडकली की निदान शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट, म्हणजे 'इथे दोन वाटा दिसतात', अशी वॉर्निंग येते. लोक त्या वॉर्निंगला शिव्या देतात, पण ती काहीतरी सांगत असते. कॉम्बिनेटर गपचूप पहिल्याला निवडतात आणि तुमचा शेवटी जोडलेला मॉड्यूल जिवंत आहे की मेलाय हे कुणीच सांगत नाही. दोन व्याकरणांच्या जोडीतून संदिग्धता येते का हे ठरवणारा सगळ्या केसेसना चालेल असा अल्गोरिदम असूच शकत नाही हे सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे टूलकडून फार आशा करू नका. टेस्टने पकडायचं. प्रत्येक मॉड्यूलच्या सुट्या टेस्टमधली सगळी उदाहरणं एकत्र केलेल्या पार्सरवरही चालवायची आणि उत्तर तेच येतंय का बघायचं. हे फुकटात मिळतं, कारण उदाहरणं आधीच लिहिलेली असतात.

सगळीकडे ट्राय लावायचा सल्ला ज्याने दिला त्याला चहा पाजा पण ऐकू नका. ट्राय जेवढ्या मोठ्या तुकड्याभोवती, तेवढी एरर मागे सरकायची भीती, पन्नासाव्या ओळीवरची चूक पहिल्या ओळीवर दिसू शकते. फक्त कीवर्डभोवती आणि वरच्यासारख्या चिन्हांभोवती लावा. 'जर' दिसलं की आता हे जर-तरच आहे, आत काही चुकलं तर ती खरी चूक आहे आणि तिथेच सांगितली पाहिजे. आणि प्रत्येक मॉड्यूलच्या तोंडावर `<?>` ने एक नाव चिकटवा, म्हणजे एररमधे "अंक, अक्षर, कंस, उणे..." अशी वीस गोष्टींची यादी न येता "पदावली अपेक्षित" एवढंच येतं.

प्रश्न : माझ्या पार्सरमधे स्पेसचा घोळ आहे. कधी दोन स्पेस असल्या की चालत नाही, कधी शेवटी एन्टर असला की चालत नाही, आणि एकदा तर मेनीच्या (म्हणजे 'जमेल तितक्या वेळा वाच') आत मेनी लिहिलं तर कायमचं अडकलं. (वाचिका, नाशिक)

उत्तर : स्पेस कुणी खायची हे ठरलेलं नाहीये, एवढंच. एक मॉड्यूल टोकनच्या आधीची खातं, एक नंतरची, एक दोन्हीकडची, मग कुठे दोनदा खाल्ली जाते आणि कुठे कुणीच खात नाही. ठरवून टाका की प्रत्येक टोकन आपल्यानंतर येणारी स्पेस खाईल, आधीची कधीच नाही, आणि अख्ख्या फाइलच्या सुरुवातीची स्पेस सगळ्यात वरचा पार्सर एकदाच खाईल. मेगापार्सेकमधे लेक्झीम नावाचं फंक्शन नेमकं हेच करतं. तुमची भाषा कॉमेंट चालवत असेल तर त्याही त्या 'स्पेस'मधेच धरायच्या, आणि हा स्पेसचा पार्सर सगळ्या मॉड्यूलनी एकाच ठिकाणाहून घ्यायचा, प्रत्येकाने आपापला लिहायचा नाही.

फाइल संपली का बघणारा ईओएफ फक्त सगळ्यात वर. सुटं टेस्ट करताना लोक मॉड्यूलच्या आत ईओएफ लिहितात आणि तसंच विसरतात, मग जोडल्यावर पहिल्याच तुकड्यानंतर गाडी थांबते. टेस्टसाठी हवं तर टेस्टच्या फाइलमधे लावा.

मेनीच्या आत मेनी का अडकतं, तर आतला मेनी काहीही न खाता यशस्वी होऊ शकतो, आणि बाहेरचा यशस्वी होतंय तोवर परत परत बोलावत राहतो. पार्सेक हे ओळखून रनटाइम एरर देतो, बाकी काही लायब्ररी नुसत्या फिरत बसतात. काहीही न खाता पास होऊ शकणारा पार्सर मेनीला देऊ नये.

जाता जाता, 'जर' कीवर्ड असेल तर 'जरब' नावाचं व्हेरिएबल तुटेल, जर आणि ब असं. कीवर्डनंतर लगेच दुसरं अक्षर नको ही अट प्रत्येक कीवर्डला लावा आणि नावाच्या पार्सरला कीवर्डची यादी द्या. ही यादी सगळ्या मॉड्यूलच्या यादींची बेरीज असते, म्हणून ती पण वरूनच पॅरामीटर म्हणून आली पाहिजे.

प्रश्न : मी लातूरला एका बँकेच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचं काम घेतलंय. फाइलमधे नावं मराठीत आहेत आणि रकमा "१,००,०००" अशा. मेनी लेटर लिहिलं तर "काशीबाई" मधलं फक्त "क" वाचलं जातं. रक्कम तर वाचतच नाही. हास्केलला मराठी येत नाही का?

उत्तर : येतं, पण लायब्ररीतले तयार तुकडे लिहिताना कुणाच्या डोक्यात मराठी नव्हती. युनिकोडमधे 'क' हे अक्षर आहे पण 'ा' हे अक्षर नाही, ती खूण आहे, मार्क या वेगळ्या गटात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे त्या गटात. लेटर पार्सर फक्त अक्षरांचा गट बघतो म्हणून पहिल्या कान्याला थांबतो. स्वतःचा पार्सर लिहा, पहिलं अक्षर हवं, पुढे अक्षर किंवा मार्क कितीही. हास्केलच्या डेटा-कॅर मॉड्यूलमधे इज-मार्क नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे.

एवढ्याने भागलं असं वाटेल पण मराठीची अजून एक गंमत आहे. "दुसऱ्या" मधला ऱ्य काही कीबोर्ड नुक्ता असलेल्या ऱ ने लिहितात आणि काही र, हलन्त आणि न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर अशा तीन कॅरॅक्टरनी. तो जॉइनर अक्षरही नाही आणि मार्कही नाही, त्याचा क्रमांक ८२०५, तो वेगळा चालू द्यावा लागेल. आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत, म्हणजे एकाच खातेदाराच्या दोन नोंदी दोन माणसं समजल्या जातील. पार्स करण्याआधीच एक प्रकार ठरवून दुसरा त्यात बदलून घ्या, पार्सरच्या आत हे करू नका, तिथे फार पसरतं.

अंकांचं असं, की डिजिट पार्सर फक्त इंग्रजी अंक ओळखतो. देवनागरी ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५, तेव्हा या पट्ट्यातलं कॅरॅक्टर घ्या आणि २४०६ वजा करा, झाला अंक. तयार डिजिट-टू-इंट ला देवनागरी अंक दिला तर प्रोग्राम कोसळतो, ते वापरू नका.

स्वल्पविरामाचं मात्र सांभाळा. तुमच्या फाइलमधे तो फक्त रकमेत येत असेल तर काहीच अडचण नाही, अंक आणि स्वल्पविराम वाचा, स्वल्पविराम टाकून द्या. पण हाच रकमेचा पार्सर उद्या कुणी पुण्याच्या त्या पगाराच्या भाषेत जोडला आणि तिथे कमाल(१,००,०००) आलं, तर ती एक लाख ही एक रक्कम की तीन वेगळे आकडे? रकमेचा पार्सर एकटा बरोबर, आर्ग्युमेंटच्या यादीचा पार्सर एकटा बरोबर, आणि जोडले की रकमेवाला सगळं गिळून टाकतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडा चुकीचा. यावर पार्सरमधली कुठलीही युक्ती नाही, भाषेतच ठरवावं लागतं. डेटा वाचताना स्वल्पविराम चालेल, नियम लिहिताना संख्येत चालणार नाही, असे दोन वेगळे संख्या-पार्सर ठेवा आणि नावं पण वेगळी ठेवा.

प्रश्न : मोनॅड नीट समजला नाही तर पार्सर लिहिता येणार नाहीत का? आणि मोठ्या कामासाठी कॉम्बिनेटर वापरतात का खरंच? (ठाणे)

उत्तर : येतील. वरच्या बहुतेक उदाहरणांत 'हे वाच, मग ते वाच, आणि दोन्ही या फंक्शनला दे' एवढंच आहे, त्याला अॅप्लिकेटिव्ह पुरतो, म्हणजे `<$>` आणि `<*>`. मोनॅड तेव्हा लागतो जेव्हा पुढे काय वाचायचं हे आधी वाचलेल्या व्हॅल्यूवर ठरतं, उदाहरणार्थ फाइलमधे आधी "१२" येतं आणि मग बरोबर बारा नोंदी. तशी गरज नसेल तर अॅप्लिकेटिव्हवरच राहण्यात फायदा आहे, कारण मग लायब्ररीला पार्सर चालवायच्या आधीच त्याची रचना बघता येते आणि कुठला पर्याय कुठल्या अक्षराने सुरू होतो हे काढता येतं. स्विअरस्ट्रा (दोअत्झे, वरचे वाउटर नव्हे) आणि दुपोन्शेल यांनी १९९६ मधे यावरच चुका दुरुस्त करत पुढे जाणारे पार्सर बांधले होते.

मोठ्या कामाचं म्हणाल तर हास्केलचा कंपायलर जीएचसी स्वतः हास्केल वाचायला कॉम्बिनेटर वापरत नाही, अॅलेक्स आणि हॅपी ही जनरेटर टूल वापरतो, म्हणजे लेक्स-याकच्या घराण्यातली. भाषा एकच, व्याकरण ठरलेलं, आणि कॉन्फ्लिक्ट आधी कळायला हवेत, तिथे ते शहाणपणाचं आहे. कॉन्फिग फाइल, लॉग, छोट्या भाषा, आणि जिथे वेगवेगळे लोक वेगवेगळे तुकडे आणून जोडणार तिथे कॉम्बिनेटर. ठाण्याच्या वाचकांनी कुठलं काम हातात आहे ते लिहिलं नाही, लिहिलंत तर पुढच्या अंकात नेमकं सांगता येईल.